ज्या बायकांनी बातमी लिहायला शिकवलं त्यांचे आभार मानायचे कसे?

डाक_आवृत्ती:

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

विषय असा आहे की मी मूळची लातूरकडची, पेपरच्या डेस्कवर (आलेल्या बातम्या तपासून पानावर लावतात तिथे) सुरुवात केली, मग 2007-08 ला झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत असे एकामागोमाग एक मराठी न्यूज चॅनेल आले आणि जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं मुंबईला पळाली त्या लाटेत मी पण आले. आता एका डिजिटल न्यूजरूममध्ये डेस्कची जबाबदारी मिळालीय. तर ऑफिसने फर्मान काढलंय की 8 मार्चसाठी 'मला घडवणाऱ्या स्त्रिया' असा छोटा लेख दे, त्यांचा फोटो हवा, फोटोत दोघी हसत असल्या तर उत्तम. आणि मी अडकलेय. कारण ज्या दोघींनी मला खरंच घडवलं त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत पंखांना बळ वगैरे यायला लागतं आणि त्या दोघींनी माझ्या कॉपीतली, म्हणजे बातमीच्या मजकुरातली असली वाक्यंच तर आयुष्यभर कापली.

पहिल्या आमच्या डेस्कवरच्या मॅडम, तेव्हाच्या औरंगाबादला. एकदा तालुक्याच्या वार्ताहराची बातमी आली होती, अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची. नाव नव्हतं, पण गाव होतं, शाळा होती, आणि वडील अमुक साखर कारखान्यावर चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे) आहेत हेही होतं. मॅडमनी मला शेजारी बसवलं आणि विचारलं, त्या गावातले किती जण त्या कारखान्यावर चिटबॉय असतील सांग बरं. मग एकेक तपशील खोडत गेल्या. गाव गेलं, तालुका राहिला, शाळा गेली, वडलांचं काम गेलं. तेव्हा आयपीसीचं 228 अ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत 72 आहे, ते त्यांनी मला वाचून दाखवलं पण वर हेही सांगितलं की कलम नसतं तरी हे खोडायचंच होतं. पुढे 2018 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की आडवळणानेही ओळख पटता कामा नये, तेव्हा मला निकालाआधी मॅडमचं लाल पेन आठवलं.

आणि विवाहितेच्या मृत्यूची बातमी आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, माहेरच्यांशी बोललं का कोणी? कारण पोलीस ठाण्यातून येते ती बहुतेकदा सासरची बाजू असते, विहिरीत पाय घसरला, स्टोव्हचा भडका उडाला. माहेरचा फोन नंबर मिळेपर्यंत त्या बातमी पानावर जाऊ देत नसत, पान सोडायची वेळ झाली तरी. डेस्कवरचे इतर लोक वैतागायचे पण त्या ढिम्म.

दुसरी ताई, मुंबईत चॅनेलच्या इनपुटला होती, म्हणजे रिपोर्टरांकडून बातम्या मागवणाऱ्या डेस्कवर. माझ्यापेक्षा फार मोठी नाही, पण टीव्हीतलं सगळं तिचंच. ग्रामपंचायतीच्या बातमीला सरपंचबाईंच्या नवऱ्याचा बाइट (कॅमेऱ्यासमोर बोललेला तुकडा) आला की ती तो चालवायचीच नाही. रिपोर्टर म्हणायचा ताई, बाई बोलत नाहीत हो. ही म्हणायची बोलतील, तू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जा, कॅमेरा बाहेर ठेव, आधी पाणी माग. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतीत 50 टक्के आरक्षण आलं, म्हणजे सरपंचबाई सगळीकडेच भेटायला लागल्या, पण बाइट बहुतेक वेळा नवऱ्याचेच यायचे. हे मोडून काढायला तिला किती भांडणं करावी लागली ते मी शेजारच्या खुर्चीतून बघितलंय.

मी पहिल्यांदा दुष्काळी दौऱ्याला निघाले तेव्हा तिने मला नंबरांची वही दिली. त्यात आमदार-खासदार एकही नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, एसटीच्या कंडक्टर, तहसीलमधल्या क्लार्क. आणि मागच्या पानावर कुठल्या रस्त्यावर बाईमाणसाला जाता येईल असं टॉयलेट कुठे आहे त्याची यादी. खाली टीप, बँकेच्या शाखेत विचारायला लाजू नकोस, आत बाई असेल तर चावी मिळतेच. ओबी व्हॅनमध्ये (थेट प्रक्षेपणाच्या गाडीत) चार पुरुषांबरोबर दिवसभर फिरलेल्या बाईलाच ह्या टीपेची किंमत कळेल.

आता अडचण. मॅडम रिटायर झाल्यात आणि त्यांनी फोनवर साफ सांगितलंय की माझा फोटो छापलास तर तुझ्याशी बोलणार नाही. ताईने मीडियाच सोडलं, का सोडलं ते तिचं तिला, पण 'प्रेरणादायी' म्हणून तिला छापायचं आणि ती आज ह्या धंद्यात का नाही ते गाळायचं हे मला जमणार नाही.

तर दोन प्रश्न. लेख द्यावा की टाळावा? आणि तुम्हाला अशी कोणी भेटली होती का, तिचे आभार तुम्ही कसे मानलेत?

फेडर_खाली:

अगं किती छान लिहिलंयस, हेच दे की छापायला!

मी रेडिओवाली. मराठवाड्यातल्या एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते, म्हणजे महिन्यातल्या ठरावीक ड्युट्या आणि बाकी दिवस शिकवण्या. आमच्याकडे एक सीनियर बाई होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. सकाळच्या सभेला, म्हणजे सकाळच्या प्रसारणाला, पहाटे हजर राहायचं तर त्या माझ्याआधी आलेल्या असायच्या आणि क्यू शीट (कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद) वाचून झालेली असायची. तेव्हा स्पूल टेप होत्या, टेपवर पेन्सिलीची खूण करून रीळ हाताने थोडं मागे फिरवून ठेवायचं म्हणजे फेडर (आवाज कमीजास्त करायचा खटका) वर केला की गाणं बरोब्बर पहिल्या सुरावर सुरू होतं, हे त्यांनी माझ्या हाताला धरून शिकवलं. आजच्या पोरांना सांगितलं तर वाटतं मी शिलालेख कोरत होते.

पण मुख्य शिकवण वेगळीच. फर्माईशीची पत्रं यायची ना, त्यात गावांची नावं असायची, आणि शहरातून आलेल्या आम्ही ती बिनधास्त अंदाजाने वाचायचो. बाईंचं म्हणणं, तो माणूस महिनाभर रेडिओला कान लावून बसलाय, त्याच्या गावाचं नाव तरी नीट घ्या. मग शेतीविभागातल्या नाहीतर शिपाईमामांच्या ओळखीतल्या त्या भागातल्या कुणाला तरी विचारून यायला लावायच्या. मला पंधरा सेकंदांच्या वाक्यासाठी जिना चढून उतरायला लावलाय त्यांनी.

आभारांचं म्हणशील तर मी काय केलं ते सांगते. त्या रिटायर झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि मोबाइलवर त्यांचं रेकॉर्डिंग केलं, तीन-चार बैठकांमध्ये. नोकरी कशी मिळाली, ऑडिशनला काय वाचायला दिलं होतं, रात्रीच्या सभेनंतर घरी कशा जायच्या, लग्न ठरताना सासरच्यांनी नोकरीबद्दल काय विचारलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही आणि मग जेवायची वेळ टळून गेली तरी थांबेनात. रेडिओवर निवेदकाचं नाव बहुतेक वेळा सांगितलंच जायचं नाही गं, आवाज घराघरात पोचलेला आणि नाव कुणालाच माहीत नाही. ते रेकॉर्डिंग त्यांच्या नातीकडे पण दिलंय. मॅडमचा फोटो नको तर नको, आवाज घे.

सहज_सांगते:

मी जरा वेगळा सूर लावते, कोणी रागावू नका.

आभार मानायला हवेतच, पण मला ह्या 8 मार्चच्या लेखांचा कंटाळा येतो तो ह्यासाठी की त्यातून कंपनी फुकटात सुटते. डाक_आवृत्ती, तुझ्या मॅडमनी नव्या पोरांना शेजारी बसवून शिकवलं ना, ते त्यांच्या कामाच्या यादीत होतं का? त्याचे पैसे मिळाले का? त्या वेळात त्यांच्या बरोबरीचा पुरुष सहकारी मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यावर जात होता आणि पुढे तोच निवासी संपादक झाला, असं झालं असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. आमच्या ऑफिसात तरी हेच झालं. इंटर्न आली की बाईंकडे पाठवा, रडली की बाईंकडे पाठवा, कोणी घाणेरडा मेसेज केला की बाईंकडे पाठवा. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला आणि तक्रार समिती नेमावी लागली, तिच्यावरही अर्थातच त्याच बाई. त्यांचं स्वतःचं लिखाण कधी व्हायचं?

आणि सगळ्या सीनियर बायका अशा नव्हत्या हेही लिही. मला एकीने सांगितलं होतं की आम्ही सहन केलं, तुम्ही पण करा, असंच असतं इथे. मला बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद शिकवला तो एका मुद्रितशोधक काकांनी, ते कोणाच्याच यादीत येत नाहीत.

डाक_आवृत्ती:

सहज_सांगते, रागवायचं काय त्यात, बरोबरच आहे. मॅडम उपसंपादक म्हणून लागल्या आणि मुख्य उपसंपादक म्हणून रिटायर झाल्या, मधली एकच पायरी. मी हे लेखात लिहिलं तर ऑफिस छापेल का, हा प्रश्नच आहे.

काकांचं पण खरं आहे. पण टॉयलेटची यादी काकांनी दिली नसती :)

वऱ्हाडी_ठसका:

पुरुष प्रतिसाद देऊ शकतात ना इथे? आमच्या अमरावतीच्या डेस्कवर एक मॅडम होत्या, मी नवीन असताना अपघाताच्या बातमीत आधी मृतांचा आकडा लिहायचो. त्या म्हणत, आधी गाव लिही रे बाबू, ज्याचं पोरगं त्या गाडीत बसून गेलं हाय तो माणूस आकडा नाही वाचत, गाव वाचते. बस एवढंच. अजून तसंच लिहितो.

जुनी_पानं:

धागा आवडला म्हणून थोडं मागे जाते, कारण हे शिकवणं आजचं नाहीये.

1855 मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुलगी ती, वय शाळकरी. आपण सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून हार घालतो पण त्यांच्या शाळेतल्या मुलीचं लिखाण त्या काळात छापील नियतकालिकात गेलं ह्याकडे माध्यमांचा इतिहास म्हणून फार कोणी बघत नाही. मग तानुबाई बिर्जे. ह्या पण पुण्याच्या फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. 'दीनबंधू' हे कृष्णराव भालेकरांनी 1877 ला काढलेलं पत्र पुढे वासुदेवराव बिर्जे चालवत होते, ते गेल्यावर तानुबाईंनी ते चालवलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, अग्रलेख वगैरे सगळं. पत्रकारितेच्या कोर्सला आम्हाला दर्पण, केसरी, मराठा, सुधारक घोकून घेतले, तानुबाई मला नोकरीला लागल्यावर एका मैत्रिणीने सांगितल्या.

आणि विद्या बाळ. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक 1930 चं, शंकररावांनी सुरू केलेलं. विद्याताई तिथे 1964 ला आल्या, पुढे संपादक झाल्या आणि बाहेर पडल्यावर 1989 ला 'मिळून साऱ्याजणी' काढलं. मला त्यात मोठं काय वाटतं, तर ज्या बाईने कधी चार ओळी लिहिल्या नाहीत तिचा अनुभव छापण्यासारखा आहे हे त्यांनी धरून चालवलं. गृहिणी, शिक्षिका, कार्यकर्त्या अशा कितीतरी जणी तिथे पहिल्यांदा लिहित्या झाल्या. आणि मासिक त्यांच्यावरच थांबलं नाही, गीताली वि. मं. यांच्याकडे संपादकपद गेलं आणि चालू राहिलं. विद्याताई 30 जानेवारी 2020 ला गेल्या. शेवटच्या वर्षांतही मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर हायकोर्टात गेल्या होत्या, 2016 ला, आणि कोर्टाने बायकांच्या बाजूने सांगितलं. म्हणजे संपादक म्हणून जे छापलं ते कोर्टात जाऊन मागितलंही.

दुसरं उदाहरण मराठी नाही पण सांगायलाच हवं. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 ला 'खबर लहरिया' सुरू झालं, बुंदेली बोलीत, गावातल्या बायकांनी चालवलेलं, त्यात दलित बायका कितीतरी. नुकतंच लिहायला शिकलेल्या बाईला दुसरी बाई बातमी शिकवते असा तो प्रकार. 2004 ला त्यांना चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला, नंतर पेपर बंद करून सगळं मोबाइलवर गेलं, तिथेही एकीने दुसरीला व्हिडिओ काढायला शिकवलं. सहज_सांगते यांच्या मुद्द्याला हे उत्तर आहे बघा, तिथे शिकवणं हे वरकड काम नव्हतंच, कामच ते होतं.

लेखाबद्दल माझं मत, द्यावा. पण ताईने का सोडलं ते तिला विचारून मगच.

लेन्सकॅप:

मी फोटोग्राफर, मुंबई. माझ्या वेळी फोटो डेस्कवर बाई म्हणजे मी आणि माझी सीनियर, संपलं.

तिने मला पहिल्यांदा विसर्जनाला गिरगाव चौपाटीला नेलं. बॅग पुढे घे, पाठीवर नको. गर्दीच्या धारेत उभी राहू नकोस, पोलिसांच्या मनोऱ्याखाली किंवा दिव्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहा, म्हणजे मागून कोणी येत नाही आणि धक्का लागला तरी फ्रेम हलत नाही. आझाद मैदानात मोर्चा असला की स्टेजचे फोटो पहिल्या पाच मिनिटांत संपव आणि मागे जा, शेवटच्या रांगेत बसलेल्या बायकांकडे, तिथे डबा उघडलेला असतो, पाय सुजलेले असतात, फोटो तिथे आहे. हे सगळं पुरुष फोटोग्राफरांनाही माहीत असेल, पण ते सांगायचे नाहीत, त्यांचं चहाच्या टपरीवर आपापसात चालायचं आणि तिथे आपल्याला कोणी बोलवत नव्हतं.

2013 च्या ऑगस्टमध्ये शक्ती मिलची सामूहिक बलात्काराची घटना झाली. तरुण फोटोजर्नालिस्ट, असाइनमेंटवर असताना. त्यानंतर मुंबईतल्या न्यूजरूममध्ये काय वातावरण होतं ते आठवत असेल ज्यांनी बघितलं त्यांना. आमच्या ऑफिसात लगेच ठरलं की मुलींना संध्याकाळनंतर बाहेर पाठवायचं नाही. काळजीपोटीच, मी नाही म्हणत नाही. माझी सीनियर मीटिंगमध्ये म्हणाली की गाडी द्या, दोघांना पाठवा, ड्रायव्हरचा नंबर डेस्कवर ठेवा, पण असाइनमेंट काढून घेऊ नका, नाहीतर वर्षाच्या शेवटी हिच्या नावावर नुसती फुलांची प्रदर्शनं असतील आणि बढतीच्या वेळी तुम्हीच म्हणाल हिने हार्ड न्यूज केलीच नाही. मी त्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं, नवीन होते. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या आगीचं काम मलाच मिळालं, गाडीसकट.

आणि क्रेडिट लाइन. फोटोखाली नाव आलं नाही की ती दुसऱ्या दिवशी पान घेऊन डेस्कवर जायची, माझ्या फोटोसाठी पण. होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जायचे हे तिनेच मला सांगितलं. देशातली पहिली बाई प्रेस फोटोग्राफर, जे. जे. मध्ये शिकलेली, फाळणीच्या निर्णयाची बैठक, नेहरू, माउंटबॅटन सगळं टिपलेलं, आणि सुरुवात ही अशी.

मी आभार कसे मानले, तर मानले नाहीत. ती असल्या बाबतीत एकदम खडूस आहे. एकदा तिच्या वाढदिवसाला तिचाच एक जुना फोटो मोठा प्रिंट करून दिला, खाली तिचं नाव ठसठशीत टाकून, तर म्हणाली कागद चांगला आहे, कितीला पडला.

फेडर_खाली:

लेन्सकॅप, 'कितीला पडला' 😂 आमच्या बाई पण अश्शाच.

डाक_आवृत्ती:

सगळ्यांना एकत्रच लिहिते, दिवसभर पान बदलत होतं त्यामुळे आत्ता वेळ मिळाला.

ताईशी बोलले. जुनी_पानं, तुमचं ऐकून सरळ विचारलं. म्हणाली लिही, पण खरं लिही. बाळंतपणानंतर रुजू झाली तेव्हा इनपुटची खुर्ची दुसऱ्याला दिलेली होती आणि हिला सांगितलं की तुझ्यासाठी हलकं काम बघितलंय, सकाळी राशिभविष्याचा स्लॉट बघ. 2017 ला बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली पण परत आल्यावर खुर्ची तीच राहील हे बघणारं ऑफिसात कोणी नव्हतं. सरपंचबाईंच्या नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईला राशिभविष्य! तिने काही महिने काढले आणि राजीनामा दिला. आता ती बचत गटांच्या बायकांना मोबाइलवर व्हिडिओ करायला शिकवते आणि म्हणे ह्यात निदान कोणी खुर्ची काढून घेत नाही.

तर मी लेख देणार आहे, ताईचा भाग तिने वाचून ओके केला की. मॅडमचं नाव-फोटो काही नाही, फक्त ती चिटबॉयची गोष्ट, त्यांनी कापली तेवढ्याच तपशिलात. ऑफिसने छापला तर छापला, नाही तर इथेच टाकते. आणि सहज_सांगते, तुमचं वाचून एक केलं, नव्या दोन मुलींना शिकवायचं काम आमच्या ड्युटी चार्टमध्ये वेळेसकट लिहून घेतलंय, एचआरला मेल करून. उत्तर अजून आलेलं नाही.

रेकॉर्डिंगचं पण डोक्यात पक्कं बसलंय. मॅडमना फोन केला तर आधी नाहीच म्हणाल्या, मग म्हणाल्या ये, पण प्रश्न आधी लिहून पाठव, मी तपासते. पाठवले. त्यातले निम्मे खोडून परत आलेत.

फेडर_खाली ताई, मोबाइलवर पंख्याचा आवाज फार येतो का? मार्चमध्ये लातूरला पंखा बंद करून बसणं काही शक्य नाही.

फेडर_खाली:

येतोच. कॉलरचा माइक घे वायरचा, स्वस्तातला पण चालतो, आणि त्यांना पंख्याकडे पाठ करून बसव. खोलीत गादी, उशा, सतरंजी जे असेल ते राहू दे, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कुकर लावू नको म्हणावं तेवढा वेळ. आणि सुरुवातीला अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसतं चालू ठेव, नंतर आवाज साफ करायला लागतं.